पदराच्या गाठीतला भंडार

भोरच्या कचेरीसमोर एक जुना कडुलिंब होता. बाजाराच्या दिवशी त्याच्या सावलीत एक बाई येऊन बसे. विरलेले काळे लुगडे, मोकळे कपाळ, राखेने उललेली बोटे. आणि डोळे रस्त्यावर असे लावलेले, की जणू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काही विचारायचे राहून गेले आहे. वेल्ह्याकडचा कुणी डोंगरातला माणूस, खांद्यावर घोंगडी, पायांवर वाटेची धूळ, कचेरीच्या पायऱ्यांपाशी येऊन घुटमळू लागला की ती उठे, त्याची वाट अडवी आणि विचारी, "खटला हाय? वकील केला का?"

माणूस बहुधा मान हलवी. आपण काही केलेलेच नाही, मग वकील कशाला, असे कुणी म्हणे. मग ती त्याचा दंड धरून, बाजारातून वाट काढीत, नारायणराव वकिलांच्या ओसरीवर त्याला नेऊन उभा करी. देवीचा कौल घेऊन मग येतो, असे कुणी म्हणालाच तर तिचे उत्तर ठरलेले असे. "आदी हितं. देवी कुटं पळून जात न्हाई."

बाजारातले टवाळ तिला वकिलाची दलालीण म्हणत. एकाने एकदा विचारलेच, ठकुबाई, ह्यातून तुला मिळते तरी काय? ती शांतपणे म्हणाली, "माजा सूड मिळतो."

जगन्माउलीच्या दारी क्षमा मागणाऱ्यांची रांग मोठी असते. त्या रांगेतल्यांचे गुण गाणारेही पुष्कळ आहेत. पण त्याच दारी, एका बाजूला, न्याय मागणारेही उभे असतात. हात जोडलेले, पण मान ताठ. माउली त्यांना दूर लोटीत नाही. ठकुबाईची जागा त्या दुसऱ्या रांगेत होती, आणि ती तिथे कशी येऊन उभी राहिली, हीच तिच्या आयुष्याची कथा.

तोरण्याच्या पायथ्याला एका वाडीत तिचा संसार होता. नवरा गेनू. बोलण्यात मुका, कामात वाघ. भाताची दोन खाचरे, एक म्हैस, आणि नवराबायकोत अशी माया, की एकाने भाकरी मोडली तर दुसऱ्याच्या पानात मोठा तुकडा पडावा. त्यांच्या खाचराच्या बांधाला लागून आनंदराव पाटलांची जमीन. पावसाळ्यात पाण्याच्या पाटावरून पाटील आणि गेनू यांची बोलाचाली झाली होती, ती मनात राहिली होती.

उन्हाळ्याचे दिवस होते. राब भाजायचे, म्हणजे भातरोपांसाठी जमिनीवर पाला जाळायचे दिवस. गेनू आणि ठकुबाई पाल्याचे टहाळ तोडायला सकाळपासून डोंगरात होती. दुपार कलली आणि खाली वाडीतून धूर उठलेला त्यांना दिसला. टहाळाचे भारे तिथेच टाकून दोघे धावत उतरली, तेव्हा पाटलांचा गोठा पेंढ्याच्या उडवीसकट जळून बसला होता, एक बैल आत भाजून मेला होता. गेनू घागर घेऊन ओढ्याकडे धावला. तो परत येतो न येतो तोच पाटलांनी चारचौघांदेखत त्याच्याकडे बोट दाखवले. याला गोठ्यामागून पळताना मी पाहिला, असे ते म्हणाले.

त्या डोंगरात एक रीत होती. कुणावर आळ आला, की त्याने तोरण्यावरच्या मेंगाईदेवीच्या पायाशी जाऊन बेलाचे पान आणि चिमूटभर भंडार, देवीची हळद, उचलायचा आणि 'हे माझ्याकडून घडलेले नाही' असे म्हणायचे. तो भंडार मुंडाशात किंवा पदरात बांधून ठेवायचा. पुढे आळ घेणाऱ्याची खात्री पटली, की त्यानेच तो स्वतःच्या हाताने देवीच्या पायी परत घालायचा. तोवर ती शपथ उघडी राहिली असे मानीत. आणि उघड्या शपथेवर त्याच गोष्टीसाठी दुसरी शपथ घेणे म्हणजे पहिलीला खोटे पाडणे.

गेनूने भंडार उचलला. तो माझ्यासंगे डोंगरात होता, असे म्हणून ठकुबाईनेही उचलला. पंचांनी माना डोलावल्या, वाडीने सुटकेचा श्वास टाकला. आता पाटील पुढे होतील, भंडार परत घालतील, असे सर्वांना वाटले. पाटील पुढे झाले नाहीत. ते सरळ ठाण्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी हवालदार गेनूला दोरी बांधून भोरला घेऊन गेला.

 कुणीतरी ठकुबाईला सांगितले होते, की भोरला वकील असतात, ते माणसाच्या वतीने बोलतात. गेनूला चारचौघांत बोलता येत नव्हते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? भाऊकीतल्या सोनबाला तिने विचारले तर तो चिडला. देवीने निवाडा केल्यावर वकील करणे म्हणजे देवीवर अविश्वास दाखवणे, असे त्याचे म्हणणे. आणि लोक काय म्हणतील, खरा असता तर वकील का केला असता? तरी ती निघाली. एकटी, पायी. नसरापूर मागे टाकले, कामथडी मागे टाकली, भाटघरच्या नव्या धरणाची भिंत उजवीकडे ठेवून ती भोरला पोहोचली. वाचता येत नव्हते. एका घराच्या ओसरीत खुंटीवर काळा डगला टांगलेला दिसला, तेच वकिलाचे घर असे तिने ओळखले. ती पायरीपाशी उभी राहिली.

आणि तिथेच पाठीमागून तिला ओळखीचा आवाज आला. आनंदराव पाटील खटल्याच्याच कामाने भोरात आले होते. त्यांचा आवाज त्या दिवशी दुधासारखा मऊ होता.

"ठके, ह्या पायरीवर चढू नगंस. वकील चोराला लागतो. तुजा दादला चोर हाय का?"

 पाटील आणखी जवळ आले. कोर्टात उभी राहशील तर तुला शपथ घ्यायला लावतील, असे ते म्हणाले. मेंगाईचा भंडार अजून पदरात आहे ना? मग दुसरी शपथ कशी घेशील? घेतलीस तर पहिली खोटी ठरेल, देवी कोपेल, आणि गेनूचेच वाईट होईल. मी बांधाचा भांडखोर असेन, पण धर्माचा वैरी नाही, म्हणून सांगतो.

ठकुबाईने पायरीकडे पाहिले. मग ती मागे फिरली. जगात असंख्य पायऱ्या आहेत. पण ज्या एका पायरीवर पाय ठेवायचा राहून जातो, ती माणसाच्या छातीत चिरेबंद होऊन बसते.

खटला उभा राहिला. पाटलांनी साक्ष दिली. गेनूला विचारले, तर तो एवढेच म्हणाला की बायको माझ्याबरोबर होती. ठकुबाईला पुकारले. ती पिंजऱ्यात चढली, शिरस्तेदाराने शपथ घ्यायला सांगितले आणि तिने मान हलवली. न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा विचारले. ती एकच वाक्य बोलत राहिली, "म्या एकदा उचललाय भंडार. परत न्हाई उचलायची." न्यायाधीश वाईट नव्हते, पण शपथेला नकार देणाऱ्या बायकोचे काय करायचे, ते त्यांना कळेना. तिला उतरवण्यात आले. गेनूने तिच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला पुढे जन्मभर सोसले नाही.

गेनूला सक्तमजुरी झाली. थंडीच्या दिवसांत तो तुरुंगात तापाने गेला. ठकुबाईच्या हाती त्याची घोंगडी पडली, आणि मुंडासे. मुंडाशाच्या टोकाला गाठ तशीच होती. तिने ती सोडली, भंडार आपल्या पदराच्या एका टोकाला बांधला. दुसऱ्या टोकाला तिचा स्वतःचा होताच. एका पदराला दोन गाठी, आणि त्या दोन गाठींवर एकाच माणसाचे नाव, आनंदराव पाटील.

ती वाडीत परतली नाही. ज्या पायरीपासून मागे फिरले, तीच पायरी आता झाडायची, असे तिने ठरवले आणि नारायणराव वकिलांच्या घरी परसातली भांडी आणि ओसरीची झाडलोट धरली. त्या घरात तिला कुणी कधी टोचून बोलले नाही. नारायणराव हे भोरात फौजदारी चालवणारे वकील. उंच, किडकिडीत, बोलताना डोळे मिटणारे. त्यांच्या ओसरीवर रोज कुणाचा ना कुणाचा संसार पणाला लागलेला असे. खुनाचा आळ, चोरीचा आळ, मारामारीचा आळ. ते कुणालाही पहिल्याने 'तू केलेस का' असे विचारीत नसत. ते विचारीत, "त्या दिवशी सकाळी काय खाल्लेस?" माणूस गोंधळे; मग भाकरी आठवे, भाकरीवरून चूल आठवे, चुलीवरून बायको, बायकोवरून वाट, आणि हळूहळू सबंध दिवस त्याच्या तोंडून आपोआप उलगडत जाई. झाडू मारता मारता ठकुबाई ते ऐके आणि तिचा जीव तुटे. आमच्या मालकांना हे कुणी विचारले असते, तर त्यांनी टहाळाचा डोंगर सांगितला असता.

एके दिवशी कुणी एक म्हातारा साक्षीदार ओसरीवर बसला होता. मी विठोबाची माळ घातलेली आहे, मी शपथ घेणार नाही, असा त्याचा हट्ट. नारायणराव हसले. ते म्हणाले, "बाबा, हिंदूला शपथेची सक्ती नाही. प्रतिज्ञा पुरते. 'ईश्वराला स्मरून खरे सांगेन', एवढेच म्हणायचे. देवाला पणाला लावायचे नाही, त्याला फक्त आठवायचे."

ठकुबाईचा झाडू थांबला. म्हातारा गेल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा वकिलांना प्रश्न विचारला. हे तेव्हाही असेच होते का? होते, ते म्हणाले; पण ते मागायला तिथे वकील हवा होता. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले, तिला बसवले, आणि तिने सगळे सांगितले. नारायणरावांनी डोळे मिटून ऐकले. तिने शेवटचा प्रश्न विचारला, की पाटलाला हे ठाऊक असेल का? पाटील माणूस कचेरीत कितीदा तरी साक्षीला उभा राहतो, असे ते म्हणाले. 

त्या दिवसापासून ठकुबाईच्या भक्तीला दुसरा शब्द उरला नाही. सकाळी नीरेवर गोधड्या धुवायला जाई, तेव्हा पाण्यात उभी राहून ती तोरण्याच्या दिशेला हात जोडी. पोटाला मागितले नाही, सुख मागितले नाही, मरण मागितले नाही. आई मेंगाई, त्याला माझ्यासारखा उभा कर. त्याचे माणूस पिंजऱ्यात असू दे, आणि त्याला सोडवणारे तोंड बंद असू दे. हीच तिची आरती, हेच तिचे नामस्मरण. द्वेषानेही माणूस कुणाचे इतके अखंड चिंतन करू शकतो, हे पाहून माउलीलाही तिची कीव आली असेल. रागावली मात्र ती नसावी. तिनेच तर ती आग राखली होती.

वर्षे गेली. एका बाजाराच्या दिवशी दुपारी ठकुबाई नदीवर एकटीच होती. घाट रिकामा झाला होता, ती खडकाआड गोधडी धोपटत होती. वरच्या अंगाला दोन माणसांचा आवाज चढला. तिने डोके वर काढले. एका शेरडांच्या व्यापाऱ्याला लाल पटक्याचा कुणी परका माणूस दगडाने हाणत होता. व्यापारी पडला, परका पाणी तुडवीत पलीकडे गेला आणि झाडीत नाहीसा झाला. थोड्या वेळाने बाजाराकडून एक तरुण आला, पडलेल्याला पाहून थबकला, मग धावत जाऊन त्याने त्याचे डोके मांडीवर घेतले. लोक आले तेव्हा तो तसाच बसला होता, धोतर रक्ताने भिजलेले. व्यापारी मेला होता. सकाळी ह्याच तरुणाची त्याच्याशी सौद्यावरून कडाक्याची भांडणे झालेली सगळ्या बाजाराने पाहिली होती. लोकांनी त्याला धरले.

खडकाआडून ठकुबाईने त्याचा चेहरा ओळखला. तो आनंदराव पाटलांचा मुलगा शिरपती होता.

ती ओली गोधडी कशीबशी खांद्यावर टाकून घरी आली.  मेंगाईने तिचे मागणे शब्दाला शब्द पुरे केले होते.

दोन दिवसांनी ती परसात राखेने पातेले घासत होती. ओसरीकडून कुणी हाक मारली, वकील इथेच राहतात का? ती हातातले पातेले तसेच घेऊन पुढे आली. आनंदराव पाटील पायरीशी उभे होते. मिशा पिकल्या होत्या, खांदे पडले होते. मागे त्यांची सून चंद्राबाई, शिरपतीची बायको, तोंडाला पदर लावून.

ठकुबाईने त्यांच्याकडे पोटभर पाहून घेतले.

"व्हय, पाटील," ती म्हणाली. "चोरांचा वकील हितंच ऱ्हातो. चढा पायरी."

पाटलांचा चेहरा राखेसारखा झाला. पण ते चढले. माणसाला पोर असले की त्याला पायरी चढावीच लागते.

नारायणरावांनी वकीलपत्र घेतले. ठकुबाईला वाटले होते, ते नाही म्हणतील. तिची कथा ते जाणत होते. त्यांनी तिला परसात येऊन सांगितले, की मी पाटलाचा वकील नाही, पिंजऱ्यातल्या माणसाचा आहे. बापाचे पाप पोराच्या वकीलपत्रात येत नाही.  त्या दिवशी तिने पातेले असे घासले, की त्याला तळ राहिला नसता.

वकील तुरुंगात जाऊन शिरपतीला भेटले, सकाळी काय खाल्लेस येथपासून त्याचा दिवस उलगडला. आणि मग काठी घेऊन नदीवर गेले. खून झाला त्या जागेवर उभे राहून त्यांनी चहूकडे पाहिले. तिथून काय दिसते, काय दिसत नाही, कुठे उभा असलेला माणूस कुणाला दिसेल. खडकाआड गेले, तर कपारीत एक धोपाटणे अडकलेले. मुठीजवळ तडकलेले, तारेने आवळलेले. ते त्यांनी स्वतःच आवळले होते.

घरी येऊन त्यांनी ते ठकुबाईपुढे ठेवले. विचारले काही नाही.

"पायलं म्या," ती म्हणाली. "त्यानं न्हाई मारलं. दुसरा व्हता. पन म्या सांगनार न्हाई."

नारायणराव भिंतीला टेकून बसले. तिने आपली अट सांगितली. पाटलाने मेंगाईपुढे, सगळ्या गावादेखत, आपण खोटे बोललो असे म्हणावे आणि मालकांचा भंडार देवीच्या पायी परत घालावा. मग मी पिंजऱ्यात चढेन. आधी नाही.

"ते मला करता येणार नाही, ठकुबाई," वकील म्हणाले. "साक्षीला मोल घेतलेस, मग ते भंडाराचे का असेना, की ती साक्ष राहत नाही. तो सौदा होतो. आणि सौद्यावर सुटलेला माणूस माझ्या हातून सुटायला नको."

"मग चढू द्या त्याला फासावर."

"चढेल कदाचित," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. समन्स काढून तुला बोलावता येईल, पण मी काढणार नाही; तुला एकदा त्या पिंजऱ्यात मुकी उभी केलेली मला ठाऊक आहे. एवढे बोलून ते आत गेले. काय सांगायचे ते त्यांनी तिला शिकवले नाही, काय विचारतील तेही सांगितले नाही. साक्षीदाराला शिकवायचे नाही, हे त्यांचे व्रत होते आणि ते त्यांनी खुनाच्या खटल्यातही मोडले नाही.

ठकुबाई धोपाटण्याकडे पाहत बसली. सुडाचा घास तोंडाशी आलेला होता, नुसते गप्प बसायचे होते. गप्प. आणि तो शब्द मनात आला तशी ती चरकली. मी गप्प बसावे म्हणून कोण आले होते त्या दिवशी पायरीशी? हे तोंड बांधले कुणी? आनंदरावानेच. आज मी ते आपल्या हाताने बांधले, तर मग मी त्याचेच ऐकले. मालक गेले, वर्षे गेली, आणि अजूनही मी त्याच्याच सांगण्यावरून पिंजऱ्यात मुकी उभी आहे.

"न्हाई," ती एकटीच म्हणाली, आणि आत जाऊन तिने वकिलांना सांगितले, मला पुकारा. क्षमेने नव्हे, क्षमेचा तिथे वारासुद्धा नव्हता.

खटल्याच्या दिवशी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. ठकुबाईला पुकारले. तिने पदराच्या दोन्ही गाठी एका मुठीत धरल्या आणि म्हणाली, "ईश्वराला स्मरून खरं सांगीन." तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. मग तिने खडक सांगितला, लाल पटका सांगितला, पाणी तुडवीत गेलेला माणूस सांगितला, आणि मागून येऊन मांडी देणारा शिरपती सांगितला.

सरकारी वकील उठले. त्यांचा आवाज गोड होता.

"बाई, तू कुणाच्या घरी कामाला आहेस?"

"ह्या वकीलसायबांच्या."

कचेरीत हशा पिकला. आरोपीच्याच वकिलाच्या परसात आयती साक्षीदारीण सापडली, असे म्हणून त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिले. आणि मग तिच्याकडे वळून, आरोपीला सोडवण्याची तुला इतकी कळकळ का, असे विचारले.

ठकुबाईने शिरपतीकडे पाहिले, मग बाकावर बसलेल्या पाटलांकडे.

"कळकळ? ह्याच्या बापाचं तळपट व्हावं म्हून म्या रोज नदीत उभी ऱ्हाऊन देवीला सांगते. ह्यो फासावर गेला तर म्या गूळ वाटीन. पन मारलं ह्यानं न्हाई, त्याला म्या काय करू?"

हशा विरला. सरकारी वकील मात्र हलले नाहीत. वैर आहे असे कुणीही म्हणेल, असे ते म्हणाले. पढवलेली साक्ष अशीच गोड लागते. वैराला पुरावा काय?

नारायणराव उभे राहिले. त्यांनी आरोपीच्या बचावासाठी पुढचा साक्षीदार मागितला: आनंदराव पाटील.

पाटील गांगरले. मधल्या सुटीत ते ओट्यावर वकिलांपुढे हात जोडून उभे राहिले. तिथेच कडुलिंबाखाली ठकुबाई बसली होती, तिला सगळे ऐकू येत होते. आपण काय सांगायचे, असे पाटलांनी विचारले. वकील म्हणाले, ते मी कुणालाच सांगत नाही. ह्या बाईच्या शब्दावर तुमच्या पोराचा जीव टांगलेला आहे आणि तिच्या शब्दावर विश्वास बसायचा तर ती तुमची वैरीण का, हे कोर्टाला कळले पाहिजे. ते सांगू शकणारे जगात दोघेच. त्यातले एक ती आहे, आणि तिचे कोर्ट ऐकायला तयार नाही.

पाटलांनी ठकुबाईकडे पाहिले. ती शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

पिंजऱ्यात चढताना पाटलांचा तोल गेला. प्रतिज्ञा झाली. नारायणरावांनी हलक्या आवाजात विचारले, ही बाई तुमच्या घराची हितचिंतक आहे का? नाही, पाटील म्हणाले. का नाही? 

"हिचा दादला माज्या साक्षीनं तुरुंगात गेला. तितंच मेला."

"ती साक्ष खरी होती?"

पाटलांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"खोटी व्हती."

"बाईने कोर्टात शपथ घेऊ नये, असे तुम्ही तिला सांगितले होते?"

"व्हय. तितं परतिज्ञा चालती ते मला ठावं व्हतं. हिला ठावं न्हवतं."

नारायणराव एवढ्यावर बसले. पण न्यायाधीश पुढे वाकले आणि त्यांनी स्वतःच विचारले, की मग गोठा जाळला कुणी?  पाटलांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवले. गेनूकडे दाखवले होते तेच बोट.

"ह्यानं. पोरगं व्हतं. पेंढ्यात लपून बिडी वढत व्हतं. पोराला वाचवाया म्या गेनबाचं नाव घेतलं."

शिरपतीची मान खाली गेली. चंद्राबाईने तोंडात पदर कोंबला. आणि ठकुबाई? इतकी वर्षे तिला वाटत होते की ह्या क्षणी ती हसेल, किंचाळेल, नाचेल. ती नुसती ऐकत राहिली, जणू दूर कुठे कुणी गेनूचे नाव घेत आहे आणि तो हाकेला ओ देतो आहे. एका पोरासाठी तो मेला होता, आणि त्याच पोरासाठी आज खरे बाहेर आले होते.

शिरपती सुटला. खोट्या साक्षीपायी पाटलांची पाटिलकी गेली. लाल पटक्याचा माणूस पुढे सापडला की नाही, ते कुणी ठकुबाईला सांगितले नाही आणि तिने विचारलेही नाही.

काही दिवसांनी आनंदराव परसदारी आले. डोक्यावर पागोटे नव्हते. ती भांडी घाशीत होती. त्यांनी उपरणे जमिनीवर पसरले आणि गुडघ्यावर बसले.

"भंडार दे, बाई. गावासमोर देवीच्या पायी घालतो."

ठकुबाईने हात धुतले, पुसले. पदराची एक गाठ तिने दातांनी सोडली; ती आवळून दगड झाली होती. उपरण्यावर चिमूटभर पिवळे पडले.

"ह्यो त्येंचा. समद्यांम्होरं घाला. त्येंचं नाव घिऊन घाला."

पाटील उपरण्याची पुरचुंडी करू लागले. मग त्यांची नजर दुसऱ्या गाठीवर गेली.

"आन् तुजा?"

"माजा ऱ्हाऊ द्या. त्येंच्यावरचा आळ मिटला. माजा तुमच्यावरचा मिटला न्हाई."

"मंग माजी सुटका कंदी?"

ठकुबाईने राखेची मूठ घेतली आणि पातेले जवळ ओढले.

"त्याला वकील शोदा, पाटील. चोराला लागतोच."

गेनूचा भंडार देवीच्या पायी पडला. सबंध वाडी गोळा झाली होती, पाटलांनी त्याचे नाव मोठ्याने घेतले, असा निरोप सोनबाने भोरला येऊन सांगितला आणि तो पायरीखालीच उभा राहिला. वर यायचे त्याचे धाडस झाले नाही. ठकुबाईने त्याला भाकरी दिली.

त्यानंतरच ती बाजाराच्या दिवशी कडुलिंबाखाली बसू लागली. लुगडी विरत, नवी येत. दर वेळी ती जुन्या पदराची ती एक गाठ सोडी, भंडाराचा कणही सांडू न देता नव्या पदरात बांधी, आणि मग रस्त्याकडे डोळे लावी. डोंगरातून कुणी घुटमळत येताना दिसला, की उठे.